ऐकू येतं, पण ऐकत नाही: ऑटिझम आणि ऐकण्यातल्या अडचणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"अहो, हा ऐकतच नाही." तपासणीला आलेल्या आईवडिलांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. मराठीत याचे किमान तीन अर्थ निघतात: याला ऐकू येत नाही, हा लक्ष देत नाही, किंवा हा सांगितलेलं जुमानत नाही. आजी तिसरा अर्थ धरून बसलेली असते, आई पहिल्याने घाबरलेली असते. मला मात्र बऱ्याचदा चौथाच प्रकार दिसतो. आवाज पोचलेला असतो, पण त्यातून शब्द सुटे होऊन हाती लागत नाहीत. त्यासाठी आपल्याकडे वेगळं क्रियापदच नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांचे पालक, शिक्षक आणि हल्ली मोठेपणी निदान झालेली माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी संशोधनच गुंतागुंतीचं आहे.

ऑडिओग्राम नॉर्मल आला. मग त्रास नेमका कुठे आहे?

ऑडिओग्राम कसा काढतात ते आठवा. आवाजबंद खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. एक बारीकसा 'टुं' ऐकू आला की बटण दाबायचं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून वाजवायचे आणि सर्वांत हळू कोणता ऐकू येतो ते टिपायचं. कानाची क्षमता मोजायला ही उत्तम तपासणी आहे. पण तशा खोलीत कुणी राहत नाही, आणि कुणी आपल्याशी 'टुं' करून बोलत नाही.

कानातल्या शंखाकृती भागात आवाजाची फोड होते, ती श्रवणनाडीतून मेंदूच्या खोडापर्यंत जाते. तिथे दोन्ही कानांकडून आलेल्या माहितीची तुलना होते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे तिथे ठरू लागतं. मग आणखी वर, कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, तिथे त्याचे उच्चार, शब्द आणि ओळखीचा आवाज बनतात. यातली कुठलीही पायरी अडखळली तरी ऑडिओग्राम स्वच्छ येऊ शकतो.

ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: भरलेल्या खोलीत अनेक जण एकाच वेळी बोलत असताना आपण एकाचंच बोलणं कसं काय धरून ठेवतो? तिकडे त्याला कॉकटेल पार्टीचा प्रश्न म्हणतात. आपण पंगतीचा प्रश्न म्हणावं. वाढपी "मठ्ठा, मठ्ठा" करत फिरतोय, मागे सनई लावलीय, पलीकडे मावशी हसतेय आणि शेजारचा काका तुम्हाला काहीतरी विचारतोय. काकाचं वाक्य उचलणं हे मेंदूचं काम आहे. कानाने सगळंच आत पाठवलेलं असतं.

एक खूण सांगते. आई मुलाला विचारते, "डबा संपवलास का?" तो म्हणतो, "काय?" आई पुन्हा विचारायला तोंड उघडते तोवर तो उत्तर देतो, "भाजी उरली." म्हणजे प्रश्न त्याने ऐकला होता. उलगडायला दोन सेकंद लागले, इतकंच.

एपीडी म्हणजे काय?

ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर. कानाची ताकद ठीक असूनही ऐकलेल्याचा अर्थ लावण्यात, विशेषतः गोंगाटात, अडचण येणं. कल्पना जुनी आहे. १९५४ मध्ये इटलीत बोक्का आणि सहकाऱ्यांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांवर काम केलं. या लोकांना 'टुं' नीट ऐकू यायचा, पण मुद्दाम अस्पष्ट केलेलं बोलणं गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने कळायचं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत हेल्मर मायकलबस्ट यांनी मुलांमधल्या अशा अडचणींबद्दल लिहिलं. १९६१ मध्ये डोरीन किमुरा यांनी दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवण्याची पद्धत वापरली. तिचा अवतार आजही आमच्या कपाटात आहे.

अडचण पुढे सुरू झाली. गाठ असलेल्या प्रौढांसाठी केलेल्या चाचण्या शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना लावल्या गेल्या, आणि तिथे कारण एकच असेल असं धरून चालता येत नाही. ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर यांच्या गटाने ६ ते ११ वर्षांच्या सुमारे १,५०० मुलांची तपासणी करून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांच्या ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध आवाजातले बारीक फरक ओळखण्याच्या क्षमतेपेक्षा लक्ष टिकवणं आणि स्मरणशक्ती यांच्याशी जास्त दिसला. पुढच्याच वर्षी त्याच वर्तुळातल्या मेलनी फर्ग्युसन यांनी दाखवलं की एपीडीचं निदान झालेली आणि भाषिक विकाराचं निदान झालेली मुलं चाचण्यांत जवळपास सारखीच उतरतात. कोणतं लेबल लागलं हे बऱ्याच अंशी मूल आधी कुणाच्या दारात गेलं यावर ठरत होतं.

आमच्या व्यवसायातल्या अनेकांना हे झोंबलं. मलाही झोंबलं होतं.

म्हणजे एपीडी असं काही नाहीच?

त्रास खरा आहे. भांडण नावाचं आहे.

ऑटिझमशी याचा संबंध कधी लक्षात आला?

अगदी पहिल्या दिवसापासून, पण कुणी नीट पाहिलं नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, तो ऑटिझमवरचा पायाभूत लेख. त्यात काही मुलांना आधी बहिरं समजलं गेल्याची नोंद आहे. त्याच लेखात ही मुलं कशाकशाला घाबरत त्याची यादी आहे: लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र, इतकंच काय, कधीकधी वाराही. एकाच लेखात बहिरं वाटणारं मूल आणि वाऱ्याला घाबरणारं मूल. तरीही पुढची कित्येक दशकं संशोधकांचं लक्ष मुलांच्या नजरेकडे आणि वागण्याकडे राहिलं, कान मागे पडले. आवाज, स्पर्श, उजेड यांना कमी किंवा जास्त प्रतिसाद देणं हे निदानाच्या निकषांत आलं ते थेट २०१३ मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पाचव्या निदानपुस्तिकेत. गंमत म्हणजे त्या पुस्तिकेत एपीडीला जागा नाही.

संशोधनात ठोस असं काय सापडलं आहे?

मला सर्वांत पटणारा अभ्यास केंब्रिजचा आहे. होसे अल्कांतारा आणि सहकाऱ्यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. गट लहान होता, पण प्रश्न नेमका होता: बोलता येणाऱ्या, बुद्धीने सर्वसाधारण असलेल्या ऑटिस्टिक व्यक्तींना गोंगाटात वाक्यं किती समजतात? त्यांना इतरांच्या मानाने २ ते ४ डेसिबल जास्त मोठा आवाज लागला. आकडा किरकोळ वाटेल. पण वाक्य कळतंय-न-कळतंय अशा उंबरठ्यावर एका डेसिबलने दहा टक्के शब्दांचा फरक पडू शकतो.

त्याहून महत्त्वाचं आहे ते कुठे कमी पडलं हे. खरा गोंगाट सलग नसतो. भाजी मंडईतही दोन आरोळ्यांच्या मध्ये क्षणभर फट असते. आपला मेंदू त्या फटींतून समोरच्याच्या वाक्याचे तुकडे टिपतो आणि जोडून घेतो. ऑटिस्टिक गटाला या फटींचा फायदा कमी घेता आला. कूलरच्या सलग घरघरीपेक्षा चार माणसांची बडबड यांना जास्त का छळते, याचं एक उत्तर इथे आहे.

मेंदूच्या मोजमापांतही धागे सापडतात. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात टिमथी रॉबर्ट्स यांच्या गटाने मेंदूतले सूक्ष्म चुंबकीय बदल मोजले. आवाजानंतर साधारण एक दशांश सेकंदाने मेंदूत उमटणारा प्रतिसाद ऑटिस्टिक मुलांत सुमारे ११ मिलिसेकंद उशिरा येत होता (२०१०). आपण 'पाट' आणि 'फाट' यांतला फरक ओळखतो तो ओठ उघडल्यानंतरच्या काही दहा मिलिसेकंदांच्या खेळावर. बोलणं मात्र कुणासाठी थांबत नाही, पुढचं अक्षर येतच असतं. नीना क्राउस यांच्या शिकागोजवळच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवलं की काही ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूचं खोड बोलण्यातला चढउतार नीट पकडत नाही. या वाक्यातला 'काही' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच प्रयोगशाळेला पुढे २०१८ मध्ये असंही दिसलं की तोच आवाज पुन्हा पुन्हा दिला तरी या मुलांचा प्रतिसाद दरवेळी थोडा वेगळा येतो. पालक म्हणतात ना, "एखादे दिवशी सगळं कळतं, एखादे दिवशी काहीच नाही"? मला ते वाक्य आठवलं.

रँडी कुलेसा यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास केला. दोन कानांची माहिती जिथे प्रथम एकत्र येते, मेंदूच्या खोडातल्या त्या केंद्रात ऑटिस्टिक व्यक्तींच्या पेशी कमी आणि वेगळ्या आकाराच्या आढळल्या (२०११). नमुने मोजकेच होते.

आणि एक निराळा धागा स्टॅनफर्डचा. डॅनियल एब्रम्स आणि विनोद मेनन यांच्या गटाने २०१३ मध्ये पाहिलं की माणसाचा आवाज ओळखणारा मेंदूचा भाग आणि 'छान वाटलं' असं सांगणारी यंत्रणा यांच्यातले दुवे ऑटिस्टिक मुलांत कमजोर होते. यावरून "यांना आईचा आवाज आवडत नाही" असा अर्थ काढणारे मला भेटले आहेत. कृपा करून काढू नका. बोलणं आपोआप लक्ष वेधून घेत नाही, इतकाच त्याचा रोख आहे.

मग नवजात बाळाच्या श्रवण तपासणीतच ऑटिझम ओळखता येईल का?

नाही. ओरेन मिरॉन यांनी फ्लोरिडातल्या सुमारे १ लाख ३९ हजार नवजात बाळांच्या तपासणीच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या ३२१ मुलांना पुढे ऑटिझमचं निदान झालं होतं आणि त्यांच्या मेंदूच्या खोडाचा प्रतिसाद सरासरीने किंचित मंद होता. पण सरासरीतला फरक म्हणजे एका बाळाचं भविष्य नव्हे. बहुसंख्य बाळांचे आकडे दोन्ही गटांत एकमेकांत मिसळलेले असतात. 'पाळण्यातच ऑटिझम ओळखा' असं सांगून कुणी महागडी तपासणी गळ्यात मारत असेल तर पैसे वाचवा.

स्वतः ताट बडवतो, किंचाळतो. पण मिक्सर लावला की कान झाकून पळतो. हे नाटक आहे का?

नाटक नाही. याचं उत्तरही कॅनरने लिहून ठेवलंय: जो आवाज बाहेरून आला तर मूल घाबरतं, तेवढाच मोठा आवाज ते स्वतः आनंदाने करतं. आपण केलेला आवाज कधी सुरू होणार, किती मोठा होणार आणि कधी थांबणार हे आपल्याला ठाऊक असतं. कुकरची शिट्टी ते सांगून येत नाही.

मोठ्या आवाजांचा असह्य त्रास होणं याला हायपरअॅक्युसिस म्हणतात. झॅकरी विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला: ऑटिस्टिक व्यक्तींपैकी सुमारे ४१ टक्क्यांना तो त्रास चालू स्थितीत असतो आणि आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचं प्रमाण सुमारे ६१ टक्के आहे. यातला बराचसा भाग भीतीचा आणि अनपेक्षितपणाचा असतो, असं अनेक निरीक्षणं सांगतात. म्हणून घरात एक प्रयोग करा. "आता मिक्सर लावते, दहा मोजेपर्यंत," असं सांगा आणि खरोखर दहालाच बंद करा. अकरा नाही. पुढच्या आठवड्यात बटण त्याच्या हातात द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला दाण्याचा कूट करायचं काम इतकं आवडू लागलं की घरात डबे भरून कूट साठला.

गणपतीतले ढोल-ताशे आणि डीजे ही वेगळी गोष्ट. तिथे त्रास होणं सगळ्यांच्याच कानांसाठी योग्य प्रतिक्रिया आहे.

कानाला इअरमफ लावून ठेवले तर?

मिरवणूक, दिवाळीचे फटाके, रेल्वे स्टेशन, लग्नाचा बँड: जरूर लावा. दिवसभर मात्र नको. क्रेग फॉर्म्बी यांनी २००३ मध्ये सर्वसाधारण ऐकू येणाऱ्या लोकांना दोन आठवडे कानात बोळे घालून ठेवायला सांगितलं, तर त्यांना पुढे तोच आवाज अधिक मोठा वाटू लागला. कमी आवाज मिळाला की मेंदू आपली खुंटी पिळून सूर चढवतो. घरातल्या शांततेत इअरमफ काढलेले बरे.

पण त्याला तर कोपऱ्यावरची रिक्षा आमच्या आधी ऐकू येते!

हो, आणि हे संशोधनाशी जुळतं. पामेला हीटन यांनी १९९८ मध्ये सुटे सूर आणि प्राण्यांची चित्रं यांच्या जोड्या लावून दिल्या. संगीत न शिकलेल्या ऑटिस्टिक मुलांनी त्या इतरांपेक्षा चांगल्या लक्षात ठेवल्या. लंडनमध्ये ७२ ऑटिस्टिक किशोरांच्या एका अभ्यासात (२००९) साधारण पाचव्या हिश्शाला सुरांतला बारीक फरक ओळखण्याची असामान्य क्षमता होती.

ॲना रेमिंग्टन आणि जेक फेअर्नी यांचा २०१७ चा प्रयोग तर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. सगळ्यांनी ध्वनिमुद्रणातल्या दोन बायकांच्या गप्पांकडे लक्ष द्यायचं होतं. मधूनच एक माणूस "मी गोरिला आहे, मी गोरिला आहे" म्हणत जातो. इतरांपैकी फार थोड्यांना तो ऐकू आला, ऑटिस्टिक प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना. लेखकांचं म्हणणं असं की ऑटिस्टिक मेंदू एका वेळी जास्त आवाज आत घेतो. प्रयोगशाळेत ते कौशल्य ठरतं. पंगतीत मात्र काकाच्या प्रश्नाबरोबर मठ्ठा, सनई आणि मावशी सगळेच आत येतात आणि काकाला वाटतं, हा आगाऊ आहे, उत्तर देत नाही.

आणखी एक नोंद, कारण यातून सूर आणि बोलणं वेगळं करता येतं. चिनी मँडरिन भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. ती बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये आला: निव्वळ सुरांतले फरक त्यांचा मेंदू इतरांपेक्षा तीव्रतेने टिपत होता, पण तोच फरक शब्दात आला की प्रतिसाद मंदावत होता. गाणं हुबेहूब म्हणणारा आणि "पाणी आण" न कळणारा मुलगा, असं वर्णन तुम्ही केलंत तर मी चकित होत नाही ते यामुळे.

घरी मराठी, शाळेत इंग्रजी. एक भाषा बंद करू का?

नका करू. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांच्या भाषेचं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि आजीशी बोलायची भाषा काढून घेतली तर मुलाकडे बोलायला माणसं कमी उरतात. फक्त एक ध्यानात ठेवा: गोंगाटात परकी भाषा समजणं सगळ्यांनाच जड जातं. वाक्यातले गाळलेले शब्द आपण भाषेच्या सवयीने भरून काढतो, आणि ती सवय मायबोलीत पक्की असते. वर्गात इंग्रजीतली सूचना चुकते आणि तीच मराठीत चटकन कळते, तर हा आळस नाही.

ऑटिझमचं निदान आहेच. एपीडीच्या चाचण्याही करून घ्याव्यात का?

माझं मत सरळ सांगते, काही सहकारी असहमत होतील. आधी कान तपासा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय का, मेण आहे का, साधी श्रवणशक्ती कशी आहे. 'ऑटिझम आहे म्हणून ऐकत नाही' असं ठरवून टाकल्यामुळे कानातलं पाणी वर्षभर तसंच राहिलेलं मी पाहिलं आहे.

त्यानंतर गोंगाटात बोलणं किती समजतं याची चाचणी, मुलाच्या रोजच्या भाषेत, उपयोगी पडते. एपीडीचा पूर्ण संच मात्र सात वर्षांच्या आत सहसा करत नाहीत, कारण त्याआधी निकाल मुलागणिक फार बदलतात. पुढेही अर्थ लावताना हात आखडता घ्यावा लागतो. दोन कानांत वेगवेगळे आकडे ऐकायचे, चारही लक्षात ठेवायचे आणि अनोळखी बाईला बोलून दाखवायचे, यात ऐकणं किती आणि बाकीचं किती? शिवाय संचातल्या शब्दांचा उच्चार मुलाच्या कानावर कधी पडलेलाच नसेल तर आपण त्याची भाषा मोजतोय, श्रवण नव्हे. कागदावर आणखी एक नाव चढण्यापेक्षा 'वर्गात किती डेसिबलला याचा धागा सुटतो' हे कळणं मला जास्त कामाचं वाटतं.

वर्गात काय करता येईल?

भरपूर, आणि बरंचसं स्वस्तात. अमेरिकेच्या मानकानुसार रिकाम्या वर्गात आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा आणि प्रतिध्वनी ०.६ सेकंदात विरावा. शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावा. आपल्याकडचे साठ मुलांचे, उघड्या खिडक्यांचे, गुळगुळीत फरशीचे वर्ग या आकड्यांच्या जवळपासही नसतात.

तरीही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरऐवजी एक मीटरवर बसवणं हे फुकटचं यंत्र आहे. पुढचा बाक द्या, पण पंख्याखालचा नको. एकदा मी एका शाळेत निरीक्षणाला गेले होते. मुलगा पहिल्या बाकावर, शिक्षिका प्रेमळ, आणि डोक्यावर दर फेरीला 'खट्' करणारा पंखा. मी अर्धा तास बसले आणि मलाही धड्यापेक्षा तो खटकाच आठवतो. पंख्याचा बोल्ट आवळायला शिपाईमामांना पाच मिनिटं लागली.

सूचना एका वेळी एक. सांगून झाल्यावर मनात पाच मोजा, लगेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगू नका, कारण तो पहिलं वाक्य उलगडत असतानाच दुसरं येऊन आदळतं. फळ्यावर लिहा. पाठीमागच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड, खिडकीला जाड पडदा.

रिमोट मायक्रोफोनचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे. शिक्षकांच्या कॉलरला छोटा माइक असतो आणि आवाज थेट मुलाच्या कानाशी येतो. मेलबर्नमध्ये गॅरी रान्स यांच्या गटाने २०१४ मध्ये ऑटिस्टिक मुलांवर तो वापरला, तेव्हा गोंगाटात समजणं सुधारलं. यंत्र महाग असतं, आणि कानाला काही लावलेलं सहन न होणाऱ्या मुलाला सवयीसाठी वेळ द्यावा लागतो. शिक्षकांनी मधल्या सुट्टीत माइक बंद करणं लक्षात ठेवावं. स्टाफरूममधल्या गप्पा थेट ऐकलेला एक विद्यार्थी मला माहीत आहे.

सगळं सबटायटल लावूनच पाहतो. सवय मोडावी का?

अजिबात नको. ओठांची हालचाल आणि आवाज यांची सांगड घालण्यात ऑटिस्टिक मुलांची वेळेची गणना वेगळी असते, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. शब्द लिहिलेले असले की तो भार हलका होतो.

हेडफोनवर खास संगीत ऐकवण्याची थेरपी सुचवली आहे. करावी का?

फ्रेंच डॉक्टर गी बेरार यांची श्रवण एकत्रीकरण पद्धत अशी आहे: गाळणी लावलेलं संगीत, रोज अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सत्रं, दहा दिवस. उपचारांचा पुरावा एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात या आणि तशाच एका पद्धतीच्या मिळून सात चाचण्या, १८२ जण तपासले गेले. ती उपयोगी आहे असं म्हणण्याजोगा पुरावा निघाला नाही. मी सुचवत नाही.

संगीतोपचार वेगळा. त्याची नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरची मोठी चाचणी २०१७ मध्ये आली. ऑटिझमच्या लक्षणांत फरक दिसला नाही. मुलाला तबला आवडतो तर तबला शिकवा, आवडतो म्हणून.

'स्वमग्न' म्हणावं की 'ऑटिस्टिक'?

सरकारी कागदांत 'स्वमग्नता' आहे आणि तो शब्द घडवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मी तो कमी वापरते. स्वमग्न म्हटलं की हाकेला ओ न देणारं मूल स्वतःत रमलेलं आहे, बाहेरचं त्याला नकोच आहे, असं चित्र उभं राहतं. वर सांगितलेल्या प्रयोगांत तर उलट दिसतं: बाहेरचं सगळंच्या सगळं आत येतंय.

एपीडीचं प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एपीडी नाही. श्रवणदोषासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट लागते, ती इथे नसते. ऑटिझम मात्र यादीत आहे, त्यामुळे परीक्षेतला जादा वेळ वगैरे सवलती त्या प्रमाणपत्रावर मागा. अर्जासोबत 'गोंगाटात सूचना समजत नाहीत, लेखी द्याव्यात' अशी ओळ असलेलं ऑडिओलॉजिस्टचं पत्र जोडलं तर शाळेशी बोलणं सोपं जातं.

मी ३४ वर्षांची आहे, निदान गेल्या वर्षी झालं. मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की मला फक्त आवाज ऐकू येतो, शब्द नाहीत. आता काही होऊ शकतं का?

तुम्ही एकट्या नाही. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. जवळपास हेच वर्णन त्यांनी केलं: संभाषणाच्या मागे धावत राहणं, एक वाक्य उलगडेपर्यंत विषय पुढे गेलेला असणं, आणि संध्याकाळपर्यंत पार गळून जाणं. अनेकांना इतकी वर्षं वाटत होतं की सगळ्यांनाच असं होतं, फक्त आपण कमी पडतो.

श्रवण तपासणी एकदा करून घ्या, नॉर्मल येईल हे गृहीत धरूनसुद्धा. मीटिंगचे मुद्दे आधी लेखी मागा. ऑनलाइन मीटिंगला कॅप्शन लावा. टेबलाशी भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे मागून येणारी बडबड कमी होते आणि सगळ्यांचे चेहरे समोर राहतात. हॉटेलात भेटायचं ठरलं तर दुपारी साडेतीनची वेळ सुचवा, तेव्हा गर्दी नसते. आणि फोनवर कुणी "ऐकतेयस ना?" म्हणून विचारलं, तर "ऐकू येतंय, पण मेसेज टाक" असं सांगायला हरकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई तसं सांगतात आणि त्यांच्या सासूबाई आता व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक पाककृती लिहून पाठवतात, मोहरी किती तडतडू द्यायची इथपर्यंत.